प्रशिकच्या नावाची नळी

पासली, ९ जानेवारी २०२५

गायत्री,

आत्याचा जय भीम. मी बरी हाय, गुडघे बरे न्हाईत. तुझं शेफालीकडनं कळतं.

शेफाली विचारत होती, आत्या, फोन न करता पत्र का लिहितेस? म्हणलं, फोनवर तोंड उघडलं की तुझी थोरली बहीण "आत्या, ऐकून तर घे" म्हणती आन माझं सगळं पोटात राहतं. त्यात आजकाल फोनवरचं बोलणं टेप होतं म्हणतात. कागदावर निदान माझं अक्षर तरी माझं असतं.

आता मुद्द्याचं. हैदराबादच्या प्रयोगशाळेतनं तू आलीस, भोंगवलीला बापाच्या घरी एक रात्र काढलीस आन दुसऱ्या दिवशी भूषणला बरोबर घेऊन थेट माझ्या दारात. माझ्या थोरल्या लेकाला, इंद्रजितला, नाकारून गेलीस त्याला सात वर्षं झाली. त्याचं तुझ्यावाचून काय अडलं न्हाई, दोन लेकरं हायेत त्याला. तरी म्या म्हणलं, जाऊ दे, आली बाई, पोरगीच हाय आपली. चहात आलं ठेचून घातलं. आन तू पिशवीतनं काय काढलंस? प्लास्टिकच्या नळ्या! "आत्या, ह्यात थुंक."

इतक्या वर्षांनी भाची दारात येती आन आत्याला म्हणती थुंक. म्या थुंकले. नळीत थुंकले हे तुझं नशीब.

मला एवढंच सांग, आत्ताच कशी आठवण झाली? माझ्या धाकट्या प्रशिकचं आन तुझ्या धाकट्या बहिणीचं, शेफालीचं, जमलंय, ह्याच महिन्यात साखरपुडा हाय, आन नेमकी तू नळ्या घेऊन हजर. मामाची पोर करायची ही आपल्यात रीतच हाय. तुझ्या बापानं, आनंददादानं, मामाचीच पोर केली, ती तुझी आई. त्यात वाईट काय झालं? तुम्ही तिघं भावंडं झालात, शिकलात. भूषणला ऐकू येत न्हाई, पण वरव्याला वेल्डिंगच्या दुकानात कामाला हाय, कुणापुढं हात पसरत न्हाई.

तू म्हणालीस, कानाच्या आत बारीक बारीक पेशी असतात, त्या एकमेकींना चिकटून बसतात, आन दोघींच्या मधी दारं असतात. त्या दारातनं हिच्यातले क्षार तिच्यात जातात. खाचराच्या बांधाला पाणी सोडायला जागा ठेवतो तसं, असं मीच म्हणलं, तू मान डोलावलीस. ती दारं घडवायची जी आज्ञा अंगात लिहिलेली असती तिच्यात एक अक्षर चुकलं की दार होतच न्हाई आन पोर ऐकत न्हाई. आईकडनं आन बापाकडनं, दोन्हीकडनं चुकलेलं आलं तरच. एकाकडनं आलं तर काय होत न्हाई, माणूस आपलं चालतं बोलतं. कळलं मला. अंगणवाडी चालवलीय म्या, अगदीच अडाणी न्हाई.

पण ते कागदावर चौकोन आन गोल काढलेस, ते मला आवडलं न्हाई. बाप्ये चौकोन, बाया गोल. आजा, पणजा सगळे कोरे ठेवलेस आन भूषणचा तेवढा चौकोन पेनानं गच्च काळा केलास. सख्खा भाऊ हाय तो तुझा. तो शेजारीच बसला होता गायत्री. त्याला ऐकू येत न्हाई, दिसतं सगळं.

प्रशिक टेम्पो घेऊन मार्केट यार्डाला गेला होता म्हणून त्याची नळी माझ्यापाशी ठेवून गेलीस. भरून कुरिअरनं पाठव म्हणालीस. पाठवीन. एवढी घाई कसली हाय ते मात्र कळू दे.

आत्या


पासली, ३ फेब्रुवारी

गायत्री,

जय भीम. नळी पोचली असं तू शेफालीला कळवलंस. पोचली ना? झालं तर मग. झाकण घट्ट लावलं होतं, वर नाव लिहिलं होतं, प्रशिक, वेलांटी बी बरोबर. आता तिथं काय धुंडाळायचं ते धुंडाळ.

साखरपुडा झाला. तू आली न्हाईस. शेफालीनं मोरपंखी साडी नेसली होती, दृष्ट काढावी अशी दिसत होती. भोरच्या दवाखान्यात नर्स झाल्यापासून तिच्या चालण्यातच फरक पडलाय. लग्न मे महिन्यात धरलंय, अकरा तारखेला.

आन साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी तू तिला फोन करून सांगितलंस की शेफाली, तुझ्यात एक चुकलेलं अक्षर हाय. एक दिवस तरी पोरीला हसू द्यायचं होतंस. ती म्हणती, तायडीला मीच विचारलं होतं, मला कळायलाच पायजे. म्हणू दे. तू लहानपणापासनं तिला असंच पढवतेस, तिच्या तोंडून तू बोलतेस हे मला ऐकू येतं.

ती काय म्हणाली ठावं हाय का? म्हणाली, "आत्या, माझ्यात एक हाय ते हाय. आता प्रशिकचं काय येतंय बघू. त्याचं कोरं असंल तर चिंताच न्हाई. त्याच्यात बी असंल तर मग चार लेकरांत एकाची भीती. मग मला विचार करायला लागंल." हे "बघू" आन "विचार करायला लागंल" मी चांगलं ओळखते. इंद्रजितच्या वेळी तू ह्याच दोन शब्दांनी सुरुवात केली होतीस.

तू पाठवलेला तो व्हिडिओ तिनं मला मोबाईलवर दाखवला. बशीत पेशी, काळोख, आन एका पेशीत सुईनं हिरवा रंग सोडलाय. पहिल्यात तो रंग ह्या पेशीतनं त्या पेशीत, त्या पेशीतनं पलीकडं, सगळीकडं पसरत गेला. दुसऱ्यात जिथं सोडला तिथंच राहिला. शेजारणीला थेंब न्हाई. शेफाली म्हणाली, ही दारं न झालेली पेशी. म्या विचारलं, ही कुणाच्या अंगातली? आपली हाय का? ती म्हणाली, न्हाई, प्रयोगशाळेतली, तिच्यात फक्त आपलं चुकलेलं अक्षर घातलंय. म्हंजे आपलंच की! आपल्या घरातलं उणं तिकडं बशीत ठेवून सगळे वाकून बघतायत. उद्या तू ते इंग्रजीत छापशील. भोंगवलीचं अमुक घराणं, त्यांच्यात खोट हाय. मग आपल्या पोरी कोण करंल? तुला काय, तुझ्या नावापुढं डॉक्टर लागतं. हितं राहायचंय ते आम्हाला.

आणखी लिहायचं होतं, पण शेजारचा गेनबा येऊन बसलाय. भातशेतीचा त्याचा आन आमचा बांध एकच. हल्ली रोज येतो आन विचारतो, "बाई, माझं काय आलं का?" त्याला जरा खोकला हाय. त्याचा हितं संबंध न्हाई, उगा लिहिलं.

आत्या


पासली, ४ मार्च

गायत्री,

सापडलीस!

काल शेफाली भोरहून आली ती तोंड उतरवूनच. म्हणाली, तायडीचा फोन आला, प्रशिकमधी बी तेच अक्षर चुकलेलं हाय. तेच, त्याच जागी. तिनं बस्ता बांधायचा थांबवलाय. दादाला सांगितलंय, लग्नाचं सध्या कुणाला काय बोलू नका. प्रशिक टेम्पोच्या चाकाजवळ बसला तो उठलाच न्हाई. दोघं एकमेकांशी धड बोलंनात.

आन मी? मी आत जाऊन पदर तोंडात धरून हसले.

आता नीट वाच. ती थुंकी प्रशिकची न्हवतीच! प्रशिकला म्या नळी दाखवली सुद्धा न्हाई. म्हणलं, ही पोरगी सात वर्षं डूक धरून हाय, प्रशिकची थुंकी हिच्या हातात पडली की ही तीत काहीतरी काढणारच. म्हणून म्या बाहेरची भरली. आपल्या नात्यातली न्हाई, गोत्यातली न्हाई. गेनबाची! मराठ्याचा गेनबा. त्याचं कूळ हितलंच, पासलीच्या डोंगरातलं. आपलं माहेर तिकडं भोंगवलीला. जात वेगळी, गाव वेगळं, सोयरीक जन्मात न्हाई. त्याच्या अंगात आपल्या घरातलं चुकलेलं अक्षर कुठनं येईल? येणारच न्हाई. कोरी थुंकी पाठवली होती तुला, अगदी पाटीसारखी कोरी. आन तू तीत आमची खोट काढलीस!

म्हंजे तू नळी उघडली सुद्धा न्हाईस. वरचं नाव वाचलंस आन ठरवून टाकलंस. हेच तुझं संशोधन का गं? ह्यासाठी तुझ्या बापानं जमिनीचा तुकडा इकला?

गेनबाला म्या म्हणलं होतं, सरकारी तपासणी आलीय, टीबीची, ह्यात थुंका. रिटायर झाले तरी गाव मला बाईच म्हणतं, माझ्या शब्दावर थुंकतं. तो बिचारा दोनदा खाकरून थुंकला.

आता तू काय करायचंस ते सांगते. शेफालीला फोन कर आन म्हण, माझी चूक झाली, प्रशिकचं कोरं हाय. एवढं केलंस तर हे पत्र मी चुलीत घालीन आन कुणाला काय कळणार न्हाई. न्हाई केलंस तर हेच सगळं आनंददादाला वाचून दाखवीन. म्हणीन, बघ तुझी शास्त्रज्ञ लेक.

आत्या


पासली, २३ मार्च

गायत्री,

तुझं पत्र आलं. टायपात काढलेलं, म्हणून आधी वाटलं बँकेचंच हाय.

पहिल्याच ओळीत तू लिहिलंस, "आत्या, तू खोटी नळी पाठवलीस आणि मी खरं तेच लिहिलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या आहेत." मी तिथंच थांबले. मग पुढं, तुझं पत्र मिळाल्यावर ती नळी पुन्हा तपासली, तुझ्या हाताखालच्या मुलीकडनं बी तपासून घेतली. अक्षर चुकलेलं हाय ते हायच. तू लिहितेस, ही चूक फार जुनी आहे, जाती झाल्या त्याच्या आधीची असेल, ती कुणा एका घराची नाही, देशभर कुठल्याही घरात निघते. आन शेवटी रागावलीस. माणसाला न विचारता, फसवून घेतलेली थुंकी ठेवणं गुन्हा आहे, मी ती नष्ट करतेय, आधी जाऊन त्या माणसाला खरं सांग. असा राग तू लहानपणी चिंच पाडून न दिल्यावर करायचीस.

खरं सांगू? माझा विश्वास बसला न्हाई. म्हणलं, ही आता आपला खोटेपणा झाकायला जाती आन देश काढायला लागली. म्हणून गेनबाकडं गेले. तुझं पत्र खोटं पाडायलाच गेले होते.

गेनबा ओट्यावर एकटा बसला होता. जवळ एक जर्मनचं ताट आन एक पेला, वेगळा ठेवलेला. त्याची नात, नुकती चालायला लागलेली, त्याच्याकडं झेपावत होती आन हा तिला "हाड, हाड" करून लांब सारत होता, कुत्र्याला करतात तसं. पोर रडायला लागली. त्याची बायको फुलाबाई आतनं म्हणाली, "दोन महिनं झालं बाई, हात लावीनात पोरीला. रिपोर्ट येईस्तोवर न्हाई म्हणत्यात. बिडी सोडली, जेवण सोडल्यागत केलंय."

ह्या माणसाला म्या टीबी लावला. खोकला त्याला धुराचा होता, आन मी त्याच्या उरावर टीबी ठेवून घरी येऊन चहा पीत होते. तो रोज विचारायला यायचा आन मी म्हणायचे, सरकारी काम हाय, लागतो वेळ.

मी तिथंच ओट्याखाली बसले आन सगळं सांगितलं. टीबी न्हाई, सरकार न्हाई, तपासणी माझ्या भाचीची, आन तुमची थुंकी म्या प्रशिकच्या नावावर पाठवली. तो म्हणाला, "म्हंजे टीबी न्हाई?" म्हणलं, न्हाई. "नक्की?" नक्की म्हणलं. त्यानं उठून नातीला उचललं, तिच्या गालावर दाढी घासली, पोर किंचाळली हसून. मला शिव्या द्यायच्या त्याला सुचल्याच न्हाईत. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्या विचारलं, तुमच्यात जन्माचं बहिरं कुणी होतं का? गेनबा न्हाई म्हणाला. फुलाबाई चुलीपासनं म्हणाली, "अवो, तुमची थोरली आक्का? तिला कुठं ऐकू येत हुतं?" गेनबा म्हणाला, "ती ल्हानपणी झाडावनं पडली हुती." फुलाबाई म्हणाली, "पडली ती सात वर्साची. बहिरी जन्माची हुती. सासूबाईंनीच सांगितलं मला." गेनबा डोकं खाजवत मला म्हणतो, "मग बाई, तुमच्यात आन आमच्यात एकच निघालं म्हणायचं." म्हणलं, भाची तसं म्हणती. तर म्हणतो, "झालं मग. प्रशिकच्या लग्नात मला मामाच्या मानाचा फेटा बांधा." आन खदखदून हसला. फुलाबाई हसली न्हाई. "आमच्यात तसलं कुठलं आलंय," असं काहीतरी म्हणत भांडी आपटायला लागली. परवापासनं तिनं आमच्याकडं दूध पाठवायचं बंद केलंय.

घरी आले आन एक मनाला टोचायला लागलं. लग्नाचं न्हाई, वेगळंच. अंगणवाडीत इतकी वर्षं म्या पोरास्नी एका पंगतीला बसवलं. कुठल्या आईनं कुरकुर केली तर तिच्या तोंडावर सांगितलं, माणूस सगळा एक हाय बाई. ह्याच गेनबाच्या आईनं माझ्या सासूला लांबनं, उंचावरनं पाणी ओतलं होतं, ते सासू मरेपर्यंत सांगायची आन मी मुठी आवळायचे. आन नळी भरायच्या वेळी माझ्या डोक्यात काय आलं? चांगली, कोरी, बिनखोटीची थुंकी पायजे तर त्यांची घ्यावी. आपल्यात खोट, त्यांचं चोख. हे माझ्या डोक्यात कुणी घातलं गं? मी तर म्हणत होते ते कधीच काढून टाकलंय.

आज एवढंच. प्रशिकला आन शेफालीला अजून काय सांगितलं न्हाई. धीर होत न्हाई.

आत्या


पासली, ८ एप्रिल

गायत्री,

सांगितलं.

दोघांनाबी समोर बसवून सांगितलं. भूषण बी आला होता, त्याला शेफाली हातानं सांगत होती. प्रशिक आधी हसला. "आई, तू माझ्या नावानं गेनबाकाकाला थुंकवलंस?" म्हणाला आन पोट धरून हसत बसला. मग हसू गेलं त्याचं. तेव्हापासनं तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. ताट वाढलं तर जेवतो, कसं झालंय सांगत न्हाई.

शेफाली हसली न्हाई की ओरडली न्हाई. नर्स माणूस, सलाईन लावताना बघतात तसं बघत होती. मग विचारलं, "आत्या, एक सांग. गेनबाकाकांची नळी कोरी आली असती तर?"

मी म्हणलं, तर काय.

"तर तू मला सांगितलं असतंस का, की ही प्रशिकची न्हाई?"

गायत्री, मी खोटं बोलण्यात आता मुरलेय. जिभेवर आलंच होतं, सांगितलं असतं गं बाय, न सांगून कसं चालंल. पण ती तशी बघत होती. म्हणलं, न्हाई. न्हाई सांगितलं असतं. तुझं लग्न लावलं असतं आन नातवंडाची वाट बघत बसले असते.

ती म्हणाली, "आन ते लेकरू माझ्याकडं बघायचं पण हाकेला वळायचं न्हाई, तेव्हा तू काय म्हणाली असतीस? झाडावरनं पडलं?"

ती उठून पडवीत गेली. मी तिथंच बसले. रडले. लई रडले गायत्री. दादाची धाकटी पोर ती, माझ्या अंगाखांद्यावर वाढली. तिला म्या माझ्या घरात आणत होते, आन डोळं बांधून आणत होते. तू तिला अंधारात ढकलतेस असा माझा संशय होता. ढकलत मी होते.

भूषण एवढा वेळ सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होता. त्यानं मोबाईल काढला, त्यावर लिहिलं आन आधी मला, मग प्रशिकला दाखवलं. लिहिलं होतं, "माझ्यासारखं झालं तर एवढं काय? मी आहे ना." प्रशिकनं वाचलं आन मान खाली घातली. मला तर वर बघवंना. त्या दिवशी तू चौकोन काळा केलास म्हणून तुझ्यावर तोंडसुख घेतलं म्या, आन हितं तीन महिनं आम्ही सगळी त्याच्या समोर "तसलं लेकरू" "तसलं लेकरू" करतोय.

नवीन नळी प्रशिकनं शेफालीच्या समोर भरली. झाकण त्यानं लावलं, नाव तिनं लिहिलं. मला हात लावू दिला न्हाई. बरं केलं.

आता माझं ऐक. हे पत्र त्यासाठीच हाय. प्रशिकचं जे काय येईल ते मला सांगू नकोस. फोन करशील तो त्या दोघांना कर, एकदम दोघांना, मी घरात नसताना कर. मला कळलं तर मी लपवीन, न्हाई तर वळवीन, न्हाई तर काहीतरी करीन. तुझ्यावर संशय घेऊन घेऊन दमले, आता माझाच मला भरवसा न्हाई. लग्न करायचं की मोडायचं, ते दोघं ठरवतील. मोडलं तर मी छाती बडवीन, पण मोडू दे.

आत्या


पासली, ५ मे

गायत्री,

जय भीम. पत्रिका छापून आल्या. तुझं नाव घातलंय, निमंत्रकांत, "डॉ." लावून. प्रेसवाल्यानं आधी डॉक्टर म्हंजे दवाखाना कुठं हाय म्हणून विचारलं.

तुझा फोन आला तो दिवस सांगते. शेफाली हितंच होती. प्रशिकनं मला किराणा आणायला वेल्ह्याला धाडलं. घरात सगळं होतं, साखरसुद्धा होती, तरी धाडलं. मी गेले. परत आले तेव्हा दोघं खाचराच्या बांधावर बसली होती, मधी मोबाईल. शेफालीचं तोंड धुतल्यासारखं होतं, म्हंजे रडली होती का ऊन लागलं म्हणून तोंड धुतलं होतं ते कळंना. प्रशिक गवताच्या काड्या मोडत होता. मी पिशवी घेऊन उभी राहिले. त्यानं वर बघितलं आन म्हणाला, "आई, लग्न अकरालाच हाय."

म्हणलं, बरं.

"दुसरं काय विचारू नकोस."

न्हाई विचारत, म्हणलं. आन न्हाई विचारलं. तुला काय वाटतं, सोपं हाय का हे? तू मला लहानपणापासनं ओळखतेस. कुणाच्या घरातलं कालवण बदललं तर मला वासावरनं कळायला पायजे.

मी नुसती ताडते. प्रशिक रोज संध्याकाळी भूषणला व्हिडिओ कॉल लावतो आन हातवारे शिकतो. पाणी कसं, आई कशी, ये कसं, भूक लागली कसं. त्याच्याकडनं चुकलं की भूषण तिकडं लोळून हसतो. म्हंजे त्याच्यात बी निघालं म्हणायचं. मग वाटतं, न्हाई, मेव्हण्याशी बोलायला नको का? इतकी वर्षं नुसते खांद्यावर थाप मारायचे एकमेकांच्या. शेफालीनं मला विचारलं, आत्या, बाळ जन्मल्याबरोबर कान तपासतात ती मशीन आता आमच्या दवाखान्यात आलीय, ठावं हाय का? म्हंजे निघालं. मग वाटतं, नर्सच ती, बोलणारच दवाखान्याचं. असं दिवसभर माझं चालू असतं. भाकरी करपती.

पण एक कळलं. ते दोघं एकमेकांशी बोलताना आता थांबत न्हाईत. मार्चात हितं बसायची तर दोघांच्या मधी नुसती शांतता बसायची. आता घरात कटकट झालीय त्यांच्या बडबडीची. जे काय आलंय ते दोघांना ठावं हाय, आन दोघांनी ते बघून, हिशेब करून, एकमेकांना पत्करलंय. त्यात मी न्हाई. पहिल्यांदा माझ्या घरात काहीतरी माझ्याबिगर ठरलंय, आन ते माझ्यापेक्षा चांगलं ठरलंय. वाईट वाटतं गं. बरं बी वाटतं.

तू ये. नळ्या आणल्यास तरी चालंल, सगळ्यांना विचारून थुंकवू. गेनबाभाऊंना तू स्वतः भेट आन काय समजावायचं ते समजाव, त्यांना तुझ्याशी बोलायचंय. भोंगवलीहून दादाबरोबर आदल्या दिवशीच ये. आन तुला इंद्रजितशी बोलायला अवघड वाटत असंल तर वाटू दे, त्याला बी वाटतंय, मग दोघांचं सारखंच झालं.

येण्याआधी उत्तर लिहिणार असशील तर गुडघ्याला काय लावायचं ते लिही, तिकडचं हवापाणी लिही, तुझं तू एकटीनं काय रांधून खातेस ते लिही. पण प्रशिकचं काय आलं ते लिहू नकोस. चुकून एका कोपऱ्यात बी लिहू नकोस गायत्री. लिहिलंस तर मी वाचल्याबिगर राहायची न्हाई.

तुझी आत्या,
रत्ना